म्हातारं मांजर घरभर मुतू लागलं तर

दहा-बारा वर्षांचं मांजर अचानक गादीवर, सोफ्यामागे मुतायला लागलं की ‘मुद्दाम करतंय’ असं वाटतं. बहुतेकदा तसं नसतं. या वयात मूत्रपिंडं थकतात, मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास जडतो, लघवी वाढते. सांधे दुखत असले तर उंच काठाच्या ट्रेमध्ये चढणंही जिवावर येतं. म्हणून रागावण्याआधी रक्त-लघवी तपासून घ्या. बोका सारखा बसतोय आणि थेंबही येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ट्रेची एक कड कापून बुटकी करा, दोन-तीन ठिकाणी ट्रे ठेवा. पुसायला फिनेल मात्र नको, मांजरांना ते विषारी ठरू शकतं. एन्झाइमचं क्लीनर महाग पडतं, पण वास त्यानंच जातो.