वसमतची हळद, पोटातला जंतू

हिंगोलीत कुठल्याही मेडिकलवर पाच मिनिटं थांबा, ‘पित्ताची गोळी द्या’ कानावर पडतंच. जळजळीचा दोष आपण ठेच्याला देतो, जागरणाला देतो. ठेचा झोंबतो हे खरं, पण अल्सर ठेच्यानं होत नाही. पुष्कळदा त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. तो बहुधा लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून पोटात येतो आणि औषध दिल्याशिवाय सहसा जात नाही.

जठरातल्या आम्लात जंतू टिकूच शकत नाही, असं डॉक्टरच मानायचे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन यांना तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला ११ जून १९७९ रोजी, त्यांच्या ४२व्या वाढदिवशी! पण प्रयोगशाळेत तो काही केल्या वाढेना. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत जंतू वाढवायच्या बश्या दोनाऐवजी पाच दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला. तरी कुणी ऐकेना, तेव्हा १९८४ साली वॉरेन यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन टाकला. काही दिवसांत उलट्या, जठराला सूज. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा जंतू पकडायची युक्ती हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदवाल्यांना लगेच कळेल. हळदीत चुना कालवला की पिवळ्याचं लाल कुंकू होतं, कारण चुना अल्कधर्मी. जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, तोही अल्कधर्मी. दुर्बिणीच्या तपासणीत जठराचा कणभर तुकडा काढून युरियाच्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जेल गुलाबी झालं की जंतू सापडला.

दुर्बीण नको? मग फुंकर मारा. खुणेचा कार्बन असलेला युरिया पोटात घ्यायचा (हो, शेतात टाकतो तोच युरिया, पण औषधी प्रतीचा आणि अगदी थोडा). जंतूनं तो युरिया फोडला आणि कार्बन श्वासात उतरला की निदान पक्कं. शौचाच्या तपासणीतूनही जंतू कळतो. मात्र पित्ताची गोळी चालू असेल तर तो लपतो, म्हणून डॉक्टरांना विचारून ती दोन आठवडे आधी थांबवावी लागते. काळी शौच, घटतं वजन, घास अडकणं यांपैकी काही असेल तर वाट न पाहता दुर्बीणच.

उपचार साधारण चौदा दिवसांचे: दोन अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारी गोळी, बऱ्याचदा बिस्मथ हे औषधही. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या की उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

आणि हळद? २०२३ साली थायलंडमधल्या एका अभ्यासात अपचनाच्या त्रासावर हळदीतलं कुरकुमिन ओमेप्राझोल या पित्ताच्या गोळीइतकंच उपयोगी ठरलं. पण तो अभ्यास अपचनाचा होता. जंतू मारायला अँटिबायोटिकच लागतं.

आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या पोटातही हाच जंतू निघाला. २०१६ साली या जंतूची जनुकं वाचली, तर त्याचे सगळ्यांत जवळचे भाऊबंद युरोपात नाहीत, मध्य आणि दक्षिण आशियात आहेत!