घरांतील कोळी, कुंभारीण आणि गोगलगाय

पावसाळा लागला कीं मनुष्याप्रमाणेंच इतर अनेक जीव घराच्या आश्रयास येतात. न्हाणीच्या ओलींत गोगलगाय, तुळईच्या सांध्यांत कोळी, दाराच्या चौकटीवर कुंभारणीचें मातीचें घर, असा बिनभाड्याचा परिवार घरोघर असतो. तो दिसतांच केरसुणी उचलावी हा आपला प्रघात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, केरसुणीपूर्वीं पांच मिनिटें पाहून घ्यावें. शेतकऱ्यासाठीं राबणारा कोण आणि शेतकऱ्यावर जगणारा कोण, ही पारख भिंतीवर जितकी सहज होते तितकी उभ्या पिकांत होत नाहीं. आमच्या वेळच्या पंचनाम्यांत ‘किडीनें नुकसान’ एवढेंच लिहिलें जाई; कोणती कीड हें विचारणारा रकानाच नव्हता.

प्रथम कोळी घेऊं. कोळी हा किडा नव्हे. किड्यास पाय सहा व शरीराचे भाग तीन. कोळ्यास पाय आठ व भाग दोन. रात्रीं भिंतीवर पाय पसरून बसणारा जो तळहाताएवढा चपटा, तपकिरी कोळी पाहून मुलें ओरडतात, तो जाळें विणीतच नाहीं. तो झुरळावर झडप घालून त्यास पकडतो. त्याची मादी अंड्यांची चपटी पिशवी पोटाखालीं धरून हिंडते. कोळ्यास अन्न चावून गिळतां येत नाहीं. भक्ष्यांत पाचक रस सोडून पातळ झालेलें तेवढें तो शोषून घेतो. म्हणून आपलें धान्य त्याच्या उपयोगाचें नाहीं. कणगीच्या तोंडाशीं त्यानें जाळें धरलें तर तो बलुतें न मागणारा जागल्याच समजावा. मात्र दाणे एकमेकांस गुंतवून ज्याच्या गुठळ्या होतात, तें जाळें कोळ्याचें नव्हे. तें पतंगाच्या अळीचें. तेथें धान्य लागलीच उन्हांत घालावें.

कुंभारणीची गोष्ट याहून नवलाची. ही बारीक कमरेची गांधीलमाशीची जात. ओल्या मातीच्या गोळ्या जबड्यांत धरून आणते व कोठड्या बांधते. एक जात कोठडींत कोळी भरते, दुसरी अळ्या भरते. भक्ष्य ती मारीत नाहीं, नांगीनें केवळ लुळें करते. मेलें असतें तर दोन दिवसांत सडलें असतें. मग एक अंडें घालून कोठडी लिंपून टाकते. अळ्या भरणाऱ्या कुंभारणीचें अंडें तर छतास बारीक तंतूनें टांगलेलें असतें, म्हणजे खालच्या अळ्यांच्या वळवळीनें तें चिरडूं नये. अंड्यांतून निघालेलें पिलूं तें ताजें अन्न खाऊन वाढतें व पुढें माशी होऊन भिंत फोडतें. आपल्या पूर्वजांनीं आंत जाणारी अळी पाहिली, बाहेर येणारी माशी पाहिली, आणि अळीच ध्यासानें माशी झाली असें मानलें. त्यावरून भ्रमरकीटन्याय निघाला. वेदान्तांतील त्याची गोडी आम्हांस मान्य आहे. पण कोठडी फोडून पाहिली असती तर आंत काय चाललें आहे तें दिसलें असतें. या कोठड्यांत कोंबलेल्या अळ्यांत पिकांचीं पानें कुरतडणाऱ्याहि असतात. तेव्हां चौकट थोडी मळली तरी हें घर राहूं द्यावें.

आतां गोगलगाय. हीहि किडा नव्हे. शिंपल्यांतील जीवाची ही चुलत बहीण. ‘गोगलगाय नि पोटांत पाय’ ही म्हण अक्षरशः खरी आहे, कारण तिचें पोट हाच तिचा पाय. चार शिंगांपैकीं लांब दोहोंच्या टोंकांस डोळे असतात. स्पर्श करतांच पिशवी उलटावी तशीं तीं आंत ओढली जातात. जिभेवर कानशीसारखे हजारों बारीक दांत असतात. प्रत्येक गोगलगायींत नर व मादी दोन्ही असल्यामुळें कोणतीहि अंडीं घालूं शकते. शंख नसलेली न्हाणीतील गोगलगाय फारशी उपद्रवी नाहीं. मोठी शंखी मात्र परदेशची. मूळची ती पूर्व आफ्रिकेची. सन १८४७ मध्यें बेन्सन नांवाच्या शंखसंग्राहक साहेबानें मॉरिशसहून ती कलकत्त्यास आणली, आणि तेथील बागेंतून ती देशभर पसरली. सन २०२२ च्या खरिपांत लातूर, बीड व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) जिल्ह्यांत तिनें सोयाबीनचीं कोंवळीं रोपें इतकीं फस्त केलीं कीं कित्येकांस दुबार पेरणी करावी लागली.

ही उन्हाळ्यांत शंखाचें तोंड पापुद्र्यानें बंद करून महिनोन् महिने निजून राहते व पहिल्या पावसांत बाहेर पडते. एका वेळीं शंभराहून अधिक अंडीं ती ओल्या मातींत घालते. म्हणून परसांत दोनचार दिसल्या कीं बांधावर जाऊन पाहावें. साबुदाण्यासारखे पांढुरके पुंजके आढळल्यास ते नष्ट करावे. संध्याकाळीं गुळाच्या पाण्यांत भिजविलेलीं गोणपाटें शेतांत ठेवावीं. सकाळीं त्यांखालीं जमलेल्या गोगलगायी वेंचून मिठाच्या पाण्याच्या बादलींत टाकाव्या. मीठ बादलींतच असावें, जमिनीवर पसरूं नये, जमीन बिघडते. बांधालगत कोरड्या चुन्याचा पट्टा ओढावा. तो पावसानें भिजला कीं पुन्हां टाकावा लागतो. वेंचतांना हातमोजा अवश्य घालावा, कारण तिच्या अंगांत मनुष्यास बाधणारे सूक्ष्म जंत असूं शकतात. बाजारांत मिळणाऱ्या विषारी गोळ्या वापरणाऱ्यांनीं कुत्रीं व गुरें बांधून ठेवावीं. त्या गोळ्या तीं आवडीनें खातात व मरतात.