बोट सुरू करण्याआधी चार मिनिटं थांबायचं, ते कशासाठी?

गाडीतून पेट्रोल गळलं तर ते रस्त्यावर पडतं, वाफ वाऱ्यावर निघून जाते. बोटीत ही सोय नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती बोटीच्या बंदिस्त तळाशी साचून राहते. मग चावी फिरवताना वायरिंगमध्ये उडालेली एक ठिणगी पुरते.

म्हणून अमेरिकेत, इंजिन आत बंदिस्त असलेल्या पेट्रोल बोटींना ब्लोअर सक्तीचा आहे. ब्लोअर म्हणजे तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा. इंजिन सुरू करण्याआधी तो चार मिनिटं चालवा, अशी सूचना स्विचजवळच लिहिलेली असते. पेट्रोल भरल्यावर तर हे चुकवूच नये. तरी शेवटची तपासणी नाकाचीच! तळाशी वास येत असेल तर पंखा कितीही वेळ फिरलेला असो, चावीला हात लावायचा नाही. आधी गळती शोधायची.

नळीचंही तसंच. ती टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीखाली कुठे फाटली, तर इंजिन बंद असतानाही सायफनने पेट्रोल तळात उतरत राहतं. ते रोखायला टाकीपाशी अँटी-सायफन व्हॉल्व्ह बसवतात. त्यात कचरा अडकला की इंजिनला पेट्रोल कमी पडतं आणि काही जण वैतागून व्हॉल्व्हच काढून टाकतात. खरं तर तो साफ करायचा किंवा बदलायचा असतो.