डेमलो स्थानकावरची संख्या

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) ६१७४ या संख्येमुळे जगाला माहीत आहेत. त्यांच्याच अभ्यासातली ही १७ अंकी संख्या पाहा : १२३४५६७८९८७६५४३२१. अशा संख्यांची कल्पना त्यांना जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो (आजचे डोंबिवली) स्थानकावर सुचली, म्हणून त्या 'डेमलो संख्या'. मधला ९ सोडून उरलेल्या १२३४५६७८ व ८७६५४३२१ यांची बेरीज करा. सगळे नऊच!

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. फळ्यावर उभा गुणाकार मांडला की कारण दिसते. एकाच संख्येच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. एकम स्थानी एक १ येतो, दशम स्थानी दोन, मधल्या स्तंभात नऊ, पुढे उतरण. हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले की मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा घ्यावा लागतो आणि उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब! माझ्या मते वर्गात हा बिघाड अवश्य दाखवावा. नऊ उदाहरणे जुळली म्हणजे दहावे जुळणारच, या समजुतीवर दुसरे औषध नाही.

आपल्या संख्येची अंकबेरीज ८१, आणि ८१ ने तिला भागही जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद' म्हटले. पण केवळ अंकबेरजेवरून हे ठरत नाही. ९९८१ ची अंकबेरीज २७, तरी २७ ने तिला भाग जात नाही. इथे १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७; यावरून वर्गाचे ४५ विभाजक कसे निघतात, ते नववीच्या मुलांनाच शोधू द्यावे.