करड्या भिंतीचे विज्ञान

घर रंगवावयाचे ठरले म्हणजे रंगाच्या दुकानातील नमुन्यांची पुस्तिका घरी येते. हिरवा नको, गुलाबी नको, पिवळा लवकर मळतो, अशी चर्चा होऊन अखेरीस पुष्कळदा करडा रंग ठरतो. कारण तो कोणत्याच सामानाशी विसंगत दिसणार नाही, अशी सर्वांची समजूत असते. आठवडाभराने रंगारी काम आटोपून जातो आणि उत्तरेस खिडकी असलेल्या दिवाणखान्याची भिंत चक्क निळसर दिसू लागते. त्याच डब्यातील रंग पिवळ्या फरश्यांच्या स्वयंपाकघरात जांभळट भासतो आणि रात्री दिवा लागल्यावर दोन्हीकडे मातकट होतो. रंगाऱ्याने डबा बदलला, असा संशय अशा वेळी घेतला जातो. बहुधा तो निराधार असतो.

शास्त्रीय भाषेत ज्यास उदासीन करडा म्हणता येईल, तो रंग खिन्न असतो असे नव्हे. तो कोणत्याही रंगछटेकडे झुकत नाही, एवढाच उदासीन शब्दाचा येथे अर्थ. पांढऱ्या प्रकाशातील तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे सर्व किरण जो पृष्ठभाग सारख्याच प्रमाणात परतवितो, तो उदासीन होय. हे प्रमाण शेकडा ८० च्या वर असेल तर आपण त्यास पांढरा म्हणतो, शेकडा ५ च्या खाली असेल तर काळा. मधले सारे राज्य करड्याचे. अमेरिकन चित्रकार आल्बर्ट मन्सेल याने १९०५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या रंगपद्धतीत काळ्यास ० आणि पांढऱ्यास १० असे अंक दिले. त्यांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे ५ या अंकावर, असलेला करडा किती प्रकाश परतवितो? निम्मा, असे उत्तर कोणीही देईल. प्रत्यक्षात तो शेकडा २० हूनही किंचित कमी प्रकाश परतवितो. डोळ्यास प्रकाशातील फरक त्याच्या प्रमाणावरून जाणवतो; म्हणून अंधाराकडील थोडी वाढही त्यास मोठी वाटते आणि उजेडाकडील तेवढीच वाढ जाणवतही नाही. पुस्तिकेत ‘मध्यम’ भासणारा चौकोन भिंतीवर आला म्हणजे पडलेल्या प्रकाशाचा चार पंचमांश भाग गिळून टाकतो, हे घरमालकाच्या सहसा ध्यानी येत नाही.

या गिळण्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. खिडकीतून आलेला प्रकाश एका भिंतीवर पडून दुसरीवर जातो, तेथून छताकडे, छताकडून जमिनीकडे. प्रत्येक वेळी त्याचा काही अंश उरतो. समजा, खोलीचे सर्व पृष्ठभाग शेकडा ८० प्रकाश परतविणारे आहेत. मग मूळच्या १ भागात ०.८, नंतर ०.६४, नंतर ०.५१ अशी भर पडत जाऊन एकूण बेरीज ५ होते. परावर्तन शेकडा ५० असेल, तर हीच बेरीज २ वर थांबते आणि शेकडा २० असेल, तर अवघ्या १.२५ वर. खिडकी तीच, सूर्य तोच. परंतु गडद करड्या खोलीत कोपऱ्यात बसून वाचणाऱ्या मुलास मिळणारा उजेड पांढऱ्या खोलीतल्या उजेडाच्या चौथ्या हिश्शाएवढाच असू शकतो. खऱ्या खोलीत जमीन, कपाटे व माणसे निरनिराळ्या रंगांची असल्यामुळे आकडे इतके नेमके येत नाहीत, पण दिशा हीच असते. म्हणून करडा हवाच असेल, तर छत पांढरे ठेवावे. खिडकीच्या आतील बाजू व चौकटही फिकट रंगवाव्यात; लखलखीत आकाशाला लागून काळसर कडा आली म्हणजे डोळा दिपतो.

आता निळसरपणाकडे वळू. पांढऱ्या रंगात काजळी मिसळली की करडा तयार होतो, हे जुन्या रंगाऱ्यांस ठाऊकच होते. परंतु सर्व काळे सारखे नसतात. दिव्याच्या काजळीचे कण त्यामानाने जाड असतात व पांढऱ्यात मिसळल्यावर ते निळसर छटा देतात. अतिसूक्ष्म कणांची काजळी तपकिरीकडे झुकते. हाडे जाळून केलेला काळा रंगही उबदार करडा देतो. म्हणून अनुभवी रंगारी काजळीच्या करड्यात चिमूटभर पिवळी माती घालतो. त्याने प्रकाशशास्त्र वाचलेले नसते, पण निळ्याचा तोल पिवळ्याने सावरतो हे तो हाताने शिकलेला असतो. पांढरा घटक म्हणून आज टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. केरळातील चवरा व महाराष्ट्रातील रत्नागिरी येथील किनाऱ्यांवर आढळणाऱ्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज असते. त्यापासून हे शुभ्र चूर्ण मिळते. काळ्या वाळूतून पांढरा रंग निघावा, ही गंमत शाळकरी वाचकास आवडेल.

रंगद्रव्याचा तोल साधला तरी प्रकाशाचा तोल हाती नसतो. उत्तरेच्या खिडकीतून सूर्य फारसा आत येत नाही. येतो तो निळ्या आकाशाचा प्रकाश. उलट तारेचा जुना विद्युद्दीप सुमारे २७०० केल्व्हिनचा, पिवळसर असतो. शिवाय काही करडे रंग काळ्या-पांढऱ्याऐवजी तांबडा व हिरवा यांसारख्या पूरक रंगांच्या मिश्रणाने बनवितात. असे दोन करडे दिवसाउजेडी एकरूप दिसतात आणि दिव्याखाली वेगळे पडतात.

शेजारच्या रंगाचाही परिणाम होतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्ह्रल हा १८२४ साली पॅरिसच्या गोब्लँ येथील प्रसिद्ध विणकारखान्याच्या रंगविभागाचा प्रमुख झाला. तेथे काळ्या लोकरीविषयी तक्रार होती: निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत ती फिकी पडते. शेव्ह्रलने इतर कारखान्यांची काळी लोकर आणून ताडून पाहिली. आपल्या लोकरीत त्यास दोष आढळला नाही. दोष शेजारच्या रंगांकडे जात होता. या शोधावरील त्याचा ग्रंथ १८३९ साली निघाला. करड्यास स्वतःची छटा नसल्यामुळे तो या परिणामास सर्वांत लवकर बळी पडतो: तांबड्या कोब्याजवळ हिरवट, पिवळ्या फरश्यांजवळ जांभळट. तथापि त्याच फरश्यांचा परावर्तित प्रकाश भिंतीवर पडून तीस पिवळी झाकही देतो. दोहोंपैकी कोण वरचढ ठरेल, हे कागदावर सांगणे कठीण आहे.

जुन्या घरात मात्र छटेपेक्षा गंभीर प्रश्न आधी पाहावा लागतो. पूर्वीच्या तैलरंगांत पांढरे शिसे सर्रास असे. हायड्रोजन सल्फाइड वायूने त्याचे काळे शिसे-सल्फाइड बनते व पांढरे दार आपोआप करडे पडते. परंतु खरा धोका त्याच्या धुळीत आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. त्याची सुरक्षित मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम लागू झाला; भिंतीवरचे जुने थर त्याने नाहीसे होत नाहीत. असे थर कोरडे घासू नयेत. ओले करून खरवडावेत, पोपडे गोळा करून बाहेर काढावेत आणि तोवर मुलांस व गर्भवतींस त्या खोलीपासून दूर ठेवावे.

गच्चीवर करडा रंग देण्याचा मोह टाळलेला बरा. भर दुपारी एक चौरस मीटर गच्चीवर सुमारे १००० वॅट सौरशक्ती पडते. शेकडा ८० परतविणारी पांढरी गच्ची त्यातील २०० वॅट शोषते, शेकडा ३० परतविणारी करडी ७०० वॅट. ही उष्णता खालच्या खोलीत झोपणाऱ्यांस रात्री भोगावी लागते. तेलंगण राज्याने २०२३ साली शीत छपरांचे धोरण स्वीकारले, ते याच हिशेबावर.

रंग ठरविण्यापूर्वी दोन फूट लांबी-रुंदीच्या फळीवर दोन हात द्यावेत व ती पूर्ण सुकू द्यावी. ओला रंग व सुकलेला रंग यांत फरक असतो. मग ती फळी प्रत्येक भिंतीशी उभी करून, जवळ कोरा पांढरा कागद ठेवून, सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेस व दिव्याच्या उजेडात पाहावी. फळीच्या मागे डब्यावरील रंगक्रमांक लिहून ठेवावा. भारतीय मानक क्रमांक ५ मध्ये तयार रंगांच्या छटांना असे क्रमांक दिलेले आहेत. ६३१ हा फिकट करडा, ६३२ हा गडद ‘ॲडमिरल्टी’ करडा. जिन्याचा कठडा दोन वर्षांनी पुन्हा रंगवावयाचा झाला, तर दुकानदारास निदान हा आकडा तरी सांगता येतो.