हरवलेली तांबी

"तांबी पडून गेली असेल." शेंडी, भंडारदरा, राजूर या भागातील भगिनींच्या तोंडून हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकतो. धागा लागत नाही, दुखत तर काहीच नाही, तेव्हा ती पडलीच, असे घरची मंडळीही धरून चालतात. परंतु पडताना कुणी पाहिली नसेल, तर ती पडली असे मानू नये.

आपल्याकडे १९६५ साली सरकारी कार्यक्रमात लूप आला; पुढे त्याची जागा तांबीने घेतली. ती असंख्य भगिनींना विनातक्रार लाभली आहे. मात्र हजारांत एखाद-दुसरीच्या बाबतीत ती गर्भाशयाची भिंत भेदून पोटात शिरते. बाळंतपणानंतर, बाळ अंगावर पीत असताना, भिंत मऊ असते. तेव्हा हा धोका अधिक. पोटात गेलेली तांबी गर्भ रोखीत नाही. कित्येकींना हे कळते ते पाळी चुकल्यावरच!

म्हणून धागा न लागल्यास प्रथम दिवस गेले नाहीत ना, याची खात्री करावी. मग सोनोग्राफी. तीत तांबी गर्भाशयात दिसली नाही, तरी तपास संपत नाही, कारण आतड्यांच्या आड ती सोनोग्राफीला सापडेलच असे नाही. संपूर्ण पोटाचा एक्स-रे काढावा. त्यात तांबी पांढरी, स्पष्ट दिसते. हा एक्स-रे राहून जातो, हीच खरी अडचण आहे.

तांब्यामुळे आत दाह होतो. आतडी व चरबीचा पडदा तिला चिकटतात. त्यामुळे त्रास नसला तरी ती काढणे इष्ट. "पोट फाडणार" या भीतीने भगिनी मागे सरतात. पण मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ पासून पोटातील दुर्बीण रुजवली, १९९० मध्ये तिच्या साहाय्याने पित्ताशयही काढले. आज हे काम नाशिकसारख्या शहरांत होते.

पूर्ण भूल देऊन बेंबीजवळच्या छिद्रातून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे आत जागा होते. दुर्बिणीने पडद्यावर पाहत, आणखी एक-दोन बारीक छिद्रांतून चिमटा घालून तांबी सोडवतात व छिद्रातूनच बाहेर घेतात. ती आतड्यात रुतली असेल तर मात्र टाके घालावे लागतात, क्वचित पोटही उघडावे लागते. ही कल्पना डॉक्टरांकडून आधीच घ्यावी. एरवी बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाता येते. शस्त्रक्रिया पोटाची आणि दुखतो खांदा, याने घाबरू नये. तो उरलेल्या वायूचा परिणाम असतो, थोड्याच दिवसांत थांबतो.