तिसऱ्या खेपेचं ‘टेक ऑन मी’

१९ ऑक्टोबर १९८५ च्या बिलबोर्ड यादीत अमेरिकेत पहिला क्रमांक नॉर्वेच्या तिघा तरुणांनी पटकावला होता. नॉर्वेचा एकही कलावंत त्याआधी तिथवर पोहोचला नव्हता. ‘आ-हा’ या बँडचं ‘टेक ऑन मी’ आज जगभर ओळखीचं आहे, पण त्याआधी ते दोनदा आपटलं होतं.

गाण्याच्या सुरुवातीची ती उड्या मारणारी कीबोर्डची धून मॅग्ने फुरुहोल्मेनला शाळकरी वयातच सुचलेली. पॉल वॉक्टार आणि तो ‘ब्रिजेस’ नावाच्या बँडमध्ये होते, तेव्हा ती धून एखाद्या च्युइंगगमच्या जाहिरातीत शोभेल अशी वाटायची, म्हणून त्या गाण्याचं नावच ‘ज्यूसी फ्रूट साँग’ पडलं. गायक मॉर्टेन हार्केटला मात्र तिच्यातलं बळ लगेच जाणवलं. तिघं लंडनला गेले, वॉर्नर कंपनीशी करार झाला आणि १९८४ मध्ये टोनी मॅन्सफील्डच्या निर्मितीखाली गाणं बाजारात आलं. नॉर्वेत ते तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ब्रिटनमध्ये पहिल्या शंभरातही आलं नाही.

मग अ‍ॅलन टार्नीने ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं. माझ्या मते खरं वळण इथे आहे. ठेका आणि सिंथेसायझर भरदार झाले आणि ध्रुवपदात पायरीपायरीने वर चढत टिपेला जाणारा हार्केटचा आवाज पूर्ण उघडा झाला. मंद्रातून निघून एका दमात इतक्या उंचीवर पोहोचणारी चाल पॉपमध्ये क्वचितच ऐकायला मिळते. तरीही ब्रिटनमध्ये हे गाणं दुसऱ्यांदा पडलं. चांगलं गाणं आपोआप लोकांपर्यंत पोहोचतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

वॉर्नरच्या अमेरिकी कचेरीतल्या जेफ आयरॉफने मात्र हट्ट सोडला नाही. मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’चा व्हिडिओ करणाऱ्या स्टीव्ह बॅरनला त्याने बोलावलं. कॅफेत कॉमिक वाचणारी मुलगी, पानातून बाहेर येणारा पेन्सिलीने काढलेला हात आणि त्या हातामागून तिचं चित्रांच्या जगात जाणं, एवढीच गोष्ट. पण त्यासाठी मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर यांनी चित्रित केलेल्या चौकटींवरून सुमारे ३,००० रेखाटनं हाताने काढली. महिनोन्‌महिने ते काम चाललं होतं. संगणकाच्या मदतीशिवाय केलेली ती थरथरती रेघ आजही जिवंत वाटते. १९८६ च्या एमटीव्ही सोहळ्यात या व्हिडिओने सहा पुरस्कार मिळवले.

तिसऱ्या खेपेला ब्रिटनही वश झाला, पण दुसऱ्या क्रमांकापर्यंतच. वर जेनिफर रशचं ‘द पॉवर ऑफ लव्ह’ ठाण मांडून बसलं होतं. ‘आ-हा’ला तिथला पहिला क्रमांक पुढच्याच गाण्याने, १९८६ च्या जानेवारीत मिळवून दिला. ‘टेक ऑन मी’ला तो मान मिळाला २००० मध्ये, तोही ‘ए१’ या दुसऱ्याच बँडच्या आवाजात.

त्या व्हिडिओने गाणं घराघरांत नेलं, पण व्हिडिओमुळेच ते चाललं, हे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पुरावा हवा असेल तर २०१७ मध्ये याच तिघांनी नॉर्वेच्या गिस्के बेटावर केलेलं त्याचं अकूस्टिक सादरीकरण ऐका. ठेका नाही, झगमगाट नाही, लय निम्म्यावर आणलेली आणि पन्नाशी ओलांडलेला हार्केट. नुसत्या चालीच्या जोरावर ते गाणं उभं राहतं, आणि मला तर मूळ गाण्यापेक्षा तेच अधिक खोल वाटतं.